२०२० च्या टाळेबंदीत हवा नेमकी किती सुधारली? आकडे कसे काढायचे?

नीराकाठ

अकरावीच्या पर्यावरण प्रकल्पासाठी २०२० च्या टाळेबंदीचा विषय घेतलाय. "हवा शुद्ध झाली, जालंधरहून धौलाधार दिसू लागला" असली वर्तमानपत्री वाक्यं मुलांनी उतरवून काढावीत असं नकोय. त्यांनी स्वतः आकडे काढावेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवरून पुण्याच्या कर्वे रोड केंद्राच्या आणि मुंबईतल्या दोन-तीन केंद्रांच्या तासागणिक नोंदी उतरवता येतात, तिथपर्यंत गाडी आली आहे. पुढे अडलंय ते असं:

फेब्रुवारी २०२० म्हणजे "आधी" आणि एप्रिल २०२० म्हणजे "नंतर" असं धरलं तर चालेल का? एक्यूआय (हवेचा गुणवत्ता निर्देशांक) घ्यावा की एकेक प्रदूषक वेगळा? फायलीत मध्येच रिकामे रकाने आहेत आणि काही तासांना पीएम २.५ (२.५ मायक्रॉनपर्यंतचे बारीक धूलिकण) चा आकडा पीएम १० (१० मायक्रॉनपर्यंतचे) पेक्षा मोठा आहे, त्यांचं काय करायचं? आणि बाकी सगळं उतरत असताना ओझोन चढलेला दिसतो. ही फायलीतली चूक की खरंच तसं झालं?

मुलांना एक्सेलपलीकडे काही येत नाही हे धरून सांगा.

वायुवेग

फेब्रुवारी-एप्रिल तुलना अजिबात नको. तेव्हा फिरलेले बरेच फुगीर टक्के याच चुकीतून आलेले आहेत.

फेब्रुवारीत आपल्याकडे रात्री जमीन पटकन गार होते, तिच्यालगतची थंड हवा वरच्या उबदार हवेखाली कोंडते आणि धूर तिथेच साचतो. एप्रिलच्या दुपारी जमीन तापली की हवा दीड-दोन किलोमीटर, कधी त्याहून वर उसळते. धूर तेवढाच, पण भांडं कितीतरी मोठं. मुंबईत भर म्हणजे हिवाळ्यात मतलई वारे सकाळी उशिरापर्यंत रेंगाळतात, तर एप्रिलमध्ये खारे वारे लवकर सुटून शहर धुऊन काढतात. म्हणजे टाळेबंदी नसती तरी एप्रिलचा आकडा फेब्रुवारीपेक्षा खालीच आला असता. तो उतार ऋतूचा आहे, तो टाळेबंदीच्या खात्यात जमा करायचा नाही.

मुलांना हे फळ्यावर दाखवा. पुढचे आकडे फक्त समजावण्यापुरते, कुठल्याही केंद्राचे नाहीत. समजा पीएम २.५ ची सरासरी २०१९ मध्ये फेब्रुवारीत ८० आणि एप्रिलमध्ये ४० होती, आणि २०२० मध्ये फेब्रुवारीत ७२ आणि एप्रिलमध्ये २७. आता तीन उत्तरं निघतात:

फेब्रुवारी २०२० वरून एप्रिल २०२०: ७२ चे २७, घट ६२.५ टक्के.
एप्रिल २०१९ वरून एप्रिल २०२०: ४० चे २७, घट ३२.५ टक्के.
ऋतूचा उतार वजा करून: २०१९ मध्ये फेब्रुवारीचं निम्मं एप्रिलला उरलं, म्हणून २०२० मध्ये टाळेबंदीविना ७२ चे ३६ अपेक्षित होते. प्रत्यक्षात २७. घट २५ टक्के.

तिसरं उत्तर त्यातल्या त्यात प्रामाणिक, कारण २०२० चा फेब्रुवारीच आधीच्या फेब्रुवारीपेक्षा थोडा स्वच्छ होता हेही त्यात धरलं जातं. एकट्या २०१९ वर विसंबू नका. नोंदी असतील तर २०१७, २०१८, २०१९ अशी तिन्ही वर्षं घ्या आणि तिन्हींची उत्तरं वेगवेगळी लिहा. ती १५, २५ आणि ४० अशी विखुरलेली आली, तर "सुमारे २५" एवढंच म्हणता येतं. "२६.७ टक्के" लिहिणं म्हणजे आव आणणं.

तारखांचा पट्टा २५ मार्च ते १९ एप्रिल ठेवा, २६ दिवसांचा. देशभराची टाळेबंदी २५ मार्चपासून सुरू झाली, त्या दिवशी गुढीपाडवा होता. २० एप्रिलपासून काही उद्योगांना मुभा मिळाली आणि ४ मेपासून झोननुसार सवलती आल्या, त्यामुळे "३१ मेपर्यंत टाळेबंदी" असा एकच गठ्ठा केलात तर चार वेगळ्या परिस्थिती एकत्र कालवल्या जातात. २२ ते २४ मार्च (जनता कर्फ्यू, लोकल बंद, राज्याची संचारबंदी) हे दिवस ना धड आधीचे ना नंतरचे, ते सोडून द्या. "आधी"चा पट्टा १ ते २९ फेब्रुवारी चालेल. मार्चचा पहिला पंधरवडा मात्र घेऊ नका, कारण २०२० ची होळी ९ मार्चला होती आणि २०१९ ची २० मार्चला. एका वर्षी होळीचा धूर पट्ट्यात येतो, दुसऱ्या वर्षी बाहेर राहतो.

रविवारही मोजा. २५ मार्च ते १९ एप्रिल या पट्ट्यात २०२० मध्ये चार रविवार येतात, २०१९ मध्ये तीनच. फरक छोटा आहे, पण नायट्रोजन डायऑक्साइडला रविवार लगेच कळतो.

काजळी

वरच्याला +१. आता फाईल साफ करण्याकडे वळू, निम्मी मेहनत तिथेच जाते.

उतरवतानाच सरासरीचा कालावधी १ तास निवडा. २४ तासांची तयार सरासरी घेतलीत तर ती किती तासांवरून काढली आहे ते दिसत नाही. एक्सेलमध्ये उघडल्यावर आधी तारखा तपासा. फायलीत दिवस-महिना-वर्ष असतं, पण संगणक अमेरिकी पद्धतीवर लावलेला असेल तर ०४-०३ ही ४ मार्च न राहता ३ एप्रिल होऊन बसते. १३ तारखेपासूनच्या तारखा मजकूर म्हणून डावीकडे चिकटलेल्या दिसल्या की ओळखायचं.

मग गाळणी, याच क्रमाने:

१. "नन" किंवा "एनए" लिहिलेले रकाने रिकामे करा, शून्य टाकू नका. शून्य टाकलंत की सरासरी फुकटात खाली येते आणि हवा कागदावरच स्वच्छ होते.

२. शून्य आणि उणे आकडे काढा. धूलिकणांच्या यंत्रात हवा फार स्वच्छ असताना उणे दोन-तीन येऊ शकतं, ते यंत्राच्या अचूकतेच्या मर्यादेमुळे. शाळेच्या कामात ते काढलेलं बरं.

३. चिकटलेले आकडे. ४१.३७, ४१.३७, ४१.३७ असं चार तास किंवा जास्त ओळीने आलं की यंत्र मोजत नाहीये, जुनाच आकडा पुढे ढकलतंय. शेजारच्या रकान्यात "हा आकडा वरच्याइतकाच आहे का" हे तपासणारं सूत्र टाका आणि सलग तीन किंवा जास्त "हो" आले की तो पट्टा खोडा.

४. पीएम २.५ हा पीएम १० चाच भाग असतो, म्हणून तो मोठा येणं अशक्य. एक-दोन मायक्रोग्रॅमचा फरक असेल तर आकडे तसेच राहू द्या, दोन वेगळ्या यंत्रांची ती तफावत आहे. पाचपेक्षा जास्त असेल तर त्या तासाचे दोन्ही आकडे काढा. कुठला चुकला ते फायलीवरून ठरवता येत नाही.

५. नायट्रोजनसाठी एक छान परीक्षा आहे. पोर्टलवर नायट्रिक ऑक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइड मायक्रोग्रॅममध्ये असतात, पण एनओएक्स (या दोन्हींची बेरीज) पीपीबीमध्ये, म्हणजे हवेच्या अब्ज भागांत किती भाग. नायट्रिक ऑक्साइडला १.२३ ने आणि डायऑक्साइडला १.८८ ने भागून बेरीज करा, ती एनओएक्सच्या आसपास यायला हवी. उदाहरणार्थ १० आणि ४० असतील तर ८.१ + २१.३, म्हणजे सुमारे २९.४ पीपीबी. फाईल तिथे ५५ म्हणत असेल तर त्या काळातलं एकक किंवा यंत्र बिघडलेलं आहे.

त्यानंतर मोजणी. ज्या दिवशी २४ पैकी किमान १८ तास शिल्लक राहिले तोच दिवस धरा. २६ दिवसांचे ६२४ तास होतात, त्यांतले ४६८ तरी हवेत. कमी पडले तर ते केंद्र त्या वर्षापुरतं बाद.

टाळेबंदीतच नोंदी तुटण्याला साधं कारण असू शकतं. धूलिकण मोजणाऱ्या बीटा किरणांच्या यंत्रात गाळणकागदाची फीत असते, तिचा रोल साधारण दोन महिने पुरतो. रोल बदलायला, वायू यंत्रांना ठरावीक तीव्रतेचा वायू देऊन ती जुळवायला माणूस केंद्रावर जावा लागतो. संचारबंदीत ते सगळीकडे वेळेवर होणं कठीण. म्हणून एप्रिलमधली लांब रिकामी पट्टी दिसली तर दचकू नका. आणि रिकाम्या पट्टीनंतर आकडा एकदम उडी मारून वेगळ्याच पातळीवर बसला असेल तर पुढचं सगळं संशयित समजा.

मुंबईबाबत एक सांगायचं राहिलं. तिथली सगळी केंद्रं एका वेळी सुरू झालेली नाहीत. २०२० च्या यादीत आहे म्हणून केंद्र २०१८ मध्येही होतं असं नाही. प्रत्येकाची पहिली नोंद कधीची ते पाहा आणि दोन्ही काळांत चालू असलेलीच केंद्रं तुलनेत घ्या. नाहीतर २०१९ ची सरासरी रस्त्यालगतच्या केंद्राची आणि २०२० ची खाडीकाठच्या केंद्राची, असा प्रकार होतो.

नीराकाठ

दोघांचेही आभार. शून्याची चूक आमच्याकडे झालेलीच होती. एक्यूआयचं आणि ओझोनचं राहिलं. शिवाय पाऊस पडला असेल तर तो कसा वेगळा काढायचा?

खारेवारे

एक्यूआय या कामाला चुकीचा, कारण तो सरासरी नसून कमाल आहे. प्रत्येक प्रदूषकाचा उपनिर्देशांक काढून त्यातला सर्वांत मोठा तेवढा दाखवतात. समजा पीएम १० आहे १२०, त्याचा उपनिर्देशांक ११४ होतो. नायट्रोजन डायऑक्साइड ७० असेल तर त्याचा ८७. एक्यूआय ११४. आता वाहनं थांबून डायऑक्साइड ७० वरून ३० वर आला, उपनिर्देशांक ८७ वरून ३८ झाला, तरी एक्यूआय ११४ च. टाळेबंदीतली सगळ्यात ठळक घट त्या एका आकड्यात दिसतच नाही.

ओझोन चढणं चूक नाही. ओझोन कुठल्याही नळकांड्यातून बाहेर पडत नाही, तो हवेतच बनतो. उन्हात नायट्रोजन डायऑक्साइड फुटतो, त्यातला सुटा ऑक्सिजन अणू हवेतल्या ऑक्सिजनला चिकटून ओझोन होतो. उलट गाड्यांच्या धुरातला ताजा नायट्रिक ऑक्साइड ओझोनला खातो आणि स्वतः डायऑक्साइड बनतो. म्हणूनच ऐन रहदारीच्या चौकात ओझोन कमी असतो आणि शहराबाहेर जास्त. गाड्या थांबल्या, खाणारा कमी झाला, ओझोन शिल्लक राहिला. त्यातून एप्रिलचं ऊन. मात्र हे प्रत्येक केंद्राला सारखं लागू होत नाही. शहराबाहेरच्या, मोकळ्या जागच्या केंद्रांवर ओझोन घटलेलाही दिसू शकतो.

हे तपासायला ओझोन आणि नायट्रोजन डायऑक्साइड यांची पीपीबीमध्ये बेरीज करा (ओझोनला १.९६ ने भागा, डायऑक्साइडला १.८८ ने). पुन्हा समजावण्यापुरते आकडे: आधी डायऑक्साइड ४७ आणि ओझोन ५९ मायक्रोग्रॅम, म्हणजे २५ + ३०, एकूण ५५ पीपीबी. नंतर १९ आणि ८६, म्हणजे १० + ४४, एकूण ५४. ओझोन एकटा पाहिला तर जवळजवळ दीडपट, बेरीज पाहिली तर जिथल्या तिथे. नवा ओझोन तयार झाला नाही, फक्त खाल्ला गेला नाही. बेरीजही चढली असेल तर मग ऊन, उष्णता, बाहेरून आलेली हवा यांच्याकडे बघायचं.

ओझोनची २४ तासांची सरासरी काढू नका, रात्रीचे तास ती पातळ करतात. आठ तासांची सरकती सरासरी काढून दिवसातली सर्वांत मोठी घ्या. आपलं मानकही आठ तासांचंच आहे, १०० मायक्रोग्रॅम.

मुलांना सगळ्यात जास्त आवडेल तो आलेख सांगतो. पिव्होट टेबलमध्ये ओळींना दिवसाचा तास (० ते २३), स्तंभांना वर्ष आणि आत नायट्रोजन डायऑक्साइडची सरासरी. कर्वे रोडसारख्या रस्त्यालगतच्या केंद्रावर एरवी सकाळी एक आणि रात्री एक असे दोन उंचवटे येतात. टाळेबंदीच्या वर्षात सकाळचा उंचवटा किती बसला ते पाहा. संध्याकाळचा मात्र पुरता जात नाही, कारण सूर्य मावळला की तेच मोठं भांडं आकसतं आणि थोडासा धूरही घट्ट वाटतो. हाच आलेख पीएम २.५ चा काढला की फरक कळतो. तो इतका बसत नाही. चूल, कचरा जाळणं, वीटभट्ट्या, औष्णिक वीज केंद्रांच्या सल्फर डायऑक्साइडपासून हवेत बनलेले सल्फेटचे कण, हे कर्फ्यूने थांबणारं नव्हतं. नागपूर-चंद्रपूरकडचं केंद्र घेतलंत तर एप्रिल-मेमधले मोहफूल-तेंदूच्या हंगामातले वणवेही त्यात येतात.

वायुवेग

पावसाबद्दल. एक्सेलमध्ये जमेल असं एकच करा: पावसाचे दिवस आणि त्यानंतरचा एक दिवस दोन्ही वर्षांतून काढा आणि उत्तर बदलतं का बघा. वळवाची एक जोरदार सर पीएम १० ला दोन दिवस खाली बसवते. दिल्लीचं उदाहरण द्या मुलांना. मार्च २०२० मध्ये सफदरजंगला १०९.६ मिलिमीटर पाऊस झाला, मार्च महिन्याचा तो विक्रम. तिथल्या मार्चअखेरच्या निळ्या आकाशाचं सगळं श्रेय टाळेबंदीला देणाऱ्यांनी हे धरलंच नाही.

वाऱ्यासाठी: बहुतेक केंद्रांच्या फायलीत वाऱ्याचा वेग असतो. दोन्ही वर्षांतले सेकंदाला १ ते २ मीटर वेगाचे तास वेगळे काढून फक्त त्यांचीच तुलना करा. पुष्कळसं हवामान आपोआप कापलं जातं. वेगाच्या रकान्यावर आंधळा विश्वास नको. केंद्र इमारतींच्या खोबणीत असेल तर वेग कायमच ०.३ वगैरे दाखवतो. अशा वेळी वेधशाळेचा वारा घ्या.

कर्वे रोड निवडलाय म्हणून मुद्दाम: २०१९ मध्ये त्या रस्त्यावर मेट्रोचं आणि नळस्टॉपच्या दुमजली पुलाचं काम चालू होतं. तिथल्या पीएम १० मधली घट ही बांधकाम थांबल्याचीही आहे, नुसती वाहनांची नाही. पीएम २.५ भागिले पीएम १० हे गुणोत्तर काढा. टाळेबंदीत ते चढलेलं आलं तर मातीची जाडी धूळ धुरापेक्षा जास्त घटली असा अर्थ.

अजून एक गोष्ट लोक विसरतात. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ इंधन आलं, त्यात गंधक ५० वरून १० पीपीएम (दशलक्ष भागांत भाग). टाळेबंदीत त्याचा परिणाम वेगळा दिसणार नाही, पण नंतरच्या वर्षांशी तुलना कराल तेव्हा "टाळेबंदीआधीचं नेहमीचं वर्ष" हे जुन्या इंधनाचं वर्ष आहे, हे लिहून ठेवा.

टेकडीवरून

उपग्रहाचं कुणी काढलं नाही अजून. सेंटिनेल-५पी वरचं ट्रोपोमी उपकरण २०१८ पासूनचा नायट्रोजन डायऑक्साइड देतं, शहराच्या नकाशावर डाग पुसट होताना दिसतो, मुलं खूश होतील.

दोन पथ्यं. एक, उपग्रह आपल्यावरून दुपारी दीडच्या सुमारास जातो. त्या वेळचा आणि जमिनीपासून वरपर्यंतच्या पूर्ण थराचा आकडा तो देतो, त्यामुळे जमिनीवरच्या केंद्राची टक्केवारी त्याच्याशी तंतोतंत जुळणार नाही. ताडून पाहायचंच तर केंद्राचे १ ते २ वाजताचेच तास घ्या. दोन, ढगाळ आणि वाईट प्रतीचे ठिपके गाळायचे, प्रतीचा निर्देशांक ०.७५ च्या वरचेच ठेवायचे. उपग्रहाच्या नोंदींवरून आकडा काढणाऱ्या गणिताची आवृत्ती मध्येच बदलली की आकडे उडी मारतात, म्हणून सगळ्या वर्षांसाठी एकाच आवृत्तीने पुन्हा काढलेला संच निवडा.

आणि कृपा करून प्रकल्पात "कार्बन डायऑक्साइड कमी झाला" असं लिहू देऊ नका. उत्सर्जन काही काळ घटलं. एप्रिल २०२० च्या सुरुवातीला जगाचं रोजचं उत्सर्जन २०१९ च्या तुलनेत सुमारे १७ टक्क्यांनी खाली होतं. पण हवेतलं प्रमाण मे २०२० मध्ये हवाई बेटांवरच्या मौना लोआ वेधशाळेत ४१७ पीपीएम होतं, तोवरचं सर्वाधिक. नळ थोडा बारीक केला म्हणून हौद रिकामा होत नाही. धूलिकण मात्र आठवड्याभरात खाली बसतात, म्हणून आकाश लगेच निवळलं.

काजळी

उपग्रह चित्रापुरता ठीक, अकरावीच्या गणिताला केंद्रच बरं. त्या नकाशांचे रंग कुठल्या आकड्याला कापलेत यावर सगळा परिणाम अवलंबून असतो. दोन वर्षांच्या नकाशांची रंगपट्टी एकच आहे ना ते आधी बघा.

मुलांना एक छोटी गंमत करायला द्या. ५ एप्रिल २०२०, रविवार, रात्री ९ वाजता दिवे लावायचे होते, आणि बऱ्याच ठिकाणी फटाकेही फुटले. निवडलेल्या प्रत्येक केंद्राचे त्या रात्रीचे ८ ते २ वाजेपर्यंतचे तासाचे आकडे काढा आणि शेजारी ४ आणि ६ तारखेचे तेच तास मांडा. पीएम २.५ ला टोक आलं आणि नायट्रोजन डायऑक्साइड जागच्या जागी राहिला, तर केंद्र नीट मोजत होतं असं समजायला हरकत नाही. दोन्ही रेषा सपाट असतील तर त्या भागात फटाके झाले नाहीत, किंवा यंत्र चिकटलेलं होतं. कुठलं ते तिसऱ्या गाळणीवरून कळेल.

नीराकाठ

कर्वे रोडला २०१८, २०१९ आणि २०२० साठी पाचही गाळण्या लावल्या. २०२० चे ४६८ तास भरतात, २०१८ चे भरत नाहीत. २०१८ बाद केलं. मुंबईची पहिली नोंद तपासण्याचं काम दोन गटांना वाटून दिलंय. ५ एप्रिलचा तक्ता सोमवारी करून घेते.